ट्यूब संपली कधी?

या वेळचा पत्रांचा गठ्ठा संपादकांनी रबर लावून पाठवला. वर चिठ्ठी होती : ‘सगळी सनस्क्रीनचीच आहेत. एकदाचं उरकून टाका.’ उरकणार काही नाही, पण निदान सुरुवात करते.

तीस वर्षं त्वचेच्या ओपीडीत बसून मला एक खोड लागली आहे. ‘कुठलं सनस्क्रीन लावू?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, ‘आत्ता जे लावता, त्याची मागची ट्यूब संपली कधी?’ समोरचा माणूस छताकडे बघायला लागतो. बायको बरोबर असेल तर नवऱ्याकडे बघते. ट्यूब संपल्याचं फारच थोड्यांना आठवतं. हरवलेली आठवते, मुलीने नेलेली आठवते, मुदत उलटून फेकलेली आठवते.

*

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. वर्षभर एकही दिवस न चुकवता सकाळी एसपीएफ ५० लावते, तरी कपाळ आणि गालांची हाडं काळवंडतातच. आता एसपीएफ १०० घेऊ की कंपनी बदलू? सध्याच्या ट्यूबचा फोटो जोडला आहे. ही आठ महिन्यांपूर्वी घेतली.

उत्तर : फोटो जोडलास हे फार बरं केलंस, कारण उत्तर त्यातच आहे. ट्यूब ५० ग्रॅमची, शेपटीकडून नीट वळी घातलेली आणि अजून निम्मी भरलेली. म्हणजे आठ महिन्यांत २५ ग्रॅम. दिवसाला भागून बघ, एक दशांश ग्रॅम येतो. चेहरा, कान आणि मान मिळून एका वेळेला साधारण एक ग्रॅम लागतं. तू रोज लावतेस हे खरं आहे, पण लागतं त्याच्या दहावा हिस्सा.

५० हा आकडा कुठून येतो ते सांगते, म्हणजे राग कंपनीवर निघणार नाही. प्रयोगशाळेत माणसांच्या पाठीवर सनस्क्रीनचा थर देतात, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या मापाने. मग सूर्यासारखा अतिनील प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली ती जागा धरतात आणि त्वचा लाल व्हायला किती मात्रा लागते ते बघतात. उघड्या त्वचेला लागते त्याच्या ५० पट मात्रा लागली, तर एसपीएफ ५०. हा आकडा त्या २ मिलिग्रॅमच्या थराचा आहे. रोजच्या वापरात माणसं त्याच्या पाव ते निम्मं लावतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. थर पातळ झाला की संरक्षण त्याच्याबरोबर घसरतं, कधी त्याहून जास्त. तुझ्या चेहऱ्यावर ५० कधी पोचलंच नाही. १०० आणून तेवढंच लावलंस तर १०० पण पोचणार नाही.

शिवाय १५, ३०, ५० या आकड्यांमधलं अंतर वाटतं तेवढं नसतं. नीट लावलं तर १५चं सनस्क्रीन सुमारे ९३ टक्के यूव्हीबी (म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं, ३०चं ९७, ५०चं ९८. म्हणून ३०च्या खाली जाऊ नये आणि ५०च्या वर जाण्यासाठी जीव टाकू नये. ‘५० म्हणजे ५० पट वेळ उन्हात उभं राहता येतं’ हेही डोक्यातून काढ. घाम येतो, हात तोंडाला लागतो, रुमाल फिरतो. उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, मग आकडा कुठलाही असो. दिवसभर घरात, खिडकीपासून लांब बसणार असशील तर सकाळचा थर बाहेर पडेपर्यंत चालतो.

माप सोपं आहे. तर्जनी आणि मधलं बोट पुढे धर. दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत ट्यूबमधून एकेक जाडसर रेघ ओढ. एवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला. पहिल्यांदा बघशील तेव्हा ‘इतकं?’ असं तोंडून निघेल. सगळ्यांच्याच निघतं. एकदम जिरत नसेल तर एका बोटाचं आधी, दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्याचं. कानाच्या पाळ्या, जबड्याची कड आणि केस सुरू होतात तिथली अर्धा बोट पट्टी सुटते, तिकडे लक्ष दे. घराबाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं हे उरकलेलं असावं.

आणि एक काम कर. नवीन ट्यूब आणलीस की मार्कर पेनाने तिच्या पोटावर तारीख लिही. रोज एकदा लावलंस तर ती दीड महिन्यात संपायला हवी. दोन ट्यूबा अशा संपवून बघ. मग मात्र काही फरक नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, कारण गालांच्या हाडांवरचा काळेपणा दर वेळी उन्हाचाच असतो असं नाही.

*

प्रश्न : डॉक्टर, मी १९ वर्षांचा आहे. खूप पिंपल्स आहेत, त्यावर रात्री लावायला अडापलीन मिळालंय आणि दिवसा सनस्क्रीन लावच असं सांगितलंय. आईचं सनस्क्रीन लावलं तर अर्ध्या तासात चेहरा तेलात बुडवून काढल्यासारखा दिसतो आणि नवे पिंपल्स येतात. नाही लावलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार. पण आईचं लावायचं थांबव. तिच्या त्वचेला जे मऊ वाटतं ते तुझ्या त्वचेला जड होतंय, एवढाच हा घोटाळा आहे.

लोक सनस्क्रीन निवडताना आकडा बघतात. मी सांगते, आधी पोत बघा. एकच फिल्टर, म्हणजे किरण अडवणारा घटक, घट्ट क्रीममध्ये घालता येतो, पातळ लोशनमध्ये घालता येतो आणि जेलमध्येही. तेलकट, पिंपल्सच्या चेहऱ्याला जेल किंवा पाण्यासारखं पातळ लोशन. कोरड्या, ताणल्यासारख्या होणाऱ्या त्वचेला क्रीम, तिला वेगळं मॉइश्चरायझर बहुधा लागतही नाही. लगेच लाल होणाऱ्या, चुरचुरणाऱ्या त्वचेला सुगंध नसलेलं आणि झिंक ऑक्साइडवर चालणारं. वेष्टनावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’ लिहिलेलं असेल तर चांगलंच, म्हणजे रंध्रं तुंबू नयेत असा विचार करून बनवलेलं. पण त्या शब्दाला सगळीकडे पाळली जाणारी एक ठरलेली कसोटी नाही, त्यामुळे त्यावर आंधळा विश्वास नको. तुझा चेहरा हीच कसोटी. छोटी ट्यूब घे आणि आठवडाभर फक्त जबड्याच्या एका बाजूला लावून बघ.

अडापलीनने त्वचा सोलवटते आणि उन्हाला हळवी होते. सोबत पिंपल्ससाठीच डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू असतील तर दुप्पट सांभाळ. त्या गोळ्यांवर असताना तासभर मैदानात खेळून नाक भाजून घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. रात्री सनस्क्रीन साध्या फेसवॉशने धुऊन मगच औषध लाव. आणि सनस्क्रीन मॉइश्चरायझरमध्ये कालवायचा उद्योग करू नकोस. सगळी मुलं करतात म्हणून आधीच सांगते. कालवलं की थर किती उरला ते कुणालाच सांगता येत नाही.

*

प्रश्न : मी व्यवसायाने ड्रायव्हर. दिवसाचे आठ-नऊ तास स्टिअरिंगवर, काचा बंद, एसी सुरू. तरी खिडकीकडचा हात आणि त्याच बाजूचा गाल दुसऱ्या बाजूपेक्षा काळा पडला आहे. बंद काचेतून ऊन लागतं का? पोरं हसतात.

उत्तर : पोरांना हा अंक वाचायला द्या. लागतं, चांगलंच लागतं.

उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी, जे त्वचा लाल करतात, भाजतात. आणि यूव्हीए, जे भाजल्याचं कळू न देता खोलवर जातात, त्वचा रापवतात, सैल करतात, सुरकुत्या आणतात. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्हीएचा वाटा सुमारे ९५ टक्के असतो. साधी काच यूव्हीबीला बऱ्यापैकी अडवते, यूव्हीएला नाही. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये पडदा घालून केलेली असते, ती यूव्हीएसुद्धा बरंच अडवते. बाजूची काच बहुधा साधी कडक केलेली, तिथून ते आत येतात. म्हणून तुमची एकच बाजू काळवंडली.

२०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेशी, डावी, म्हणजे खिडकीकडची, जाड, लोंबलेली आणि खोल चिरा पडलेली. नाकापासून मधोमध दोन माणसं जोडल्यासारखा चेहरा. मी तो वर्गात दाखवते तेव्हा मागच्या बाकावरचं कुजबुजणं थांबतं.

दुसऱ्यांचे फोटो कशाला, माझं सांगते. ओपीडीत माझी खुर्ची दहा वर्षं खिडकीला चिकटून होती. एकदा बीपी बघायला नर्सने माझे दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि म्हणाली, ‘मॅडम, हे दोन्ही तुमचेच ना?’ खिडकीकडचा हात कोपरापासून खाली एक छटा गडद होता, वर बारीक तपकिरी ठिपके. रोज शंभर जणांना सनस्क्रीन सांगणारी मी चेहऱ्याला लावत होते आणि हात विसरत होते.

एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब सांगतो. तुम्हाला यूव्हीएचा हिशेब बघायला हवा. त्यासाठी वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द शोधा. नाहीतर पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं. ही पद्धत जपानने १९९६ साली सुरू केली तेव्हा जास्तीत जास्त तीन अधिक होते, २०१३ मध्ये चौथा आला. तुम्ही तीन किंवा चारवालं घ्या. काही ट्यूबांवर गोलात यूव्हीए लिहिलेलं असतं. ही युरोपातली खूण, यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश आहे असं सांगणारी.

पण खरं सांगू का, हाताला दर दोन तासांनी गाडी थांबवून सनस्क्रीन लावणार आहात का? नाही. लांब बाहीचा, घट्ट विणीचा शर्ट घाला. कापड पुसलं जात नाही आणि घामाने वाहत नाही. सनस्क्रीन गालाला, कानाला आणि हाताच्या पंजाला.

*

प्रश्न : ताई, आम्ही सगळे मुळातच सावळे. आमच्या त्वचेत म्हणे निसर्गाचंच सनस्क्रीन असतं. मग हे सगळं गोऱ्या लोकांसाठीच नाही का? आणि लावलं की चेहरा राख फासल्यासारखा दिसतो तो वेगळाच. (मला बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आलेत, त्यावर वर्षभर क्रीम लावते आहे. जातात आणि परत येतात.)

उत्तर : कंसातलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते.

मेलॅनिन संरक्षण देतं, खरं आहे. पण किती? अगदी गडद काळ्या त्वचेचं स्वतःचं संरक्षण मोजलं गेलं तेव्हा ते साधारण एसपीएफ १३च्या आसपास भरलं. सावळ्या त्वचेचं त्याहून कमी. तेवढ्यामुळे भाजण्याचा आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोका खूप कमी होतो, ही तुमच्या बाजूची गोष्ट. पण सावळ्या त्वचेचं दुखणं वेगळं आहे. ती लाल होत नाही, डाग धरते. पिंपल गेला, डाग राहिला. ओरखडा गेला, डाग राहिला. आणि वांग.

वांगाच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. त्याला अतिनील किरणच लागतात असं नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही पुरतो, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, आणि तोही सावळ्या त्वचेतच जास्त. नेहमीचं पांढरं सनस्क्रीन, मग ते ५०चं असो नाहीतर १००चं, या उजेडाला फारसं अडवत नाही. अडवतं ते आयर्न ऑक्साइड. हा विटकरी-पिवळा-काळा रंगद्रव्यांचा गट आहे, रंगीत म्हणजे ‘टिंटेड’ सनस्क्रीनमध्ये घालतात तो. वर्षभर तुम्ही औषध लावताय आणि दिवसा उजेड ते काम उसवतोय, असं मला दिसतंय.

तुमची राखेची तक्रारही याच दाराने जाते. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड मुळात पांढरीच भुकटी आहे, सावळ्या गालावर ती दिसणारच. टिंट असला की तो पांढरटपणा झाकला जातो. रंग निवडताना मनगटावर लावून बघू नका, मनगटाचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या कडेला, कानाच्या खाली दोन बोटं, तिथे थेंब लावा आणि दाराबाहेर दिवसाच्या उजेडात आरसा धरा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा, काही छटा वाळल्यावर गडद होतात. दोन छटांमध्ये अडलात तर जरा गडद घ्या.

हे सहा महिने करा आणि क्रीम सोडू नका. फक्त ते क्रीम कोणतं आहे हे तुमच्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्या. वांगावरच्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, ते वर्षभर चेहऱ्याला लावायचं नसतं. नाव लिहिलं असतं तर मीच सांगितलं असतं.

*

प्रश्न : फाउंडेशनमध्ये एसपीएफ १५ आहे, खाली सनस्क्रीन ३०चं. म्हणजे ४५ झाले ना?

उत्तर : नाही. बेरीज होत नाही. ३० धरून चाला. १५चा थर मिळवायचा तर फाउंडेशनही दोन बोटं भरून लावावं लागेल, आणि तसं लावून कुणी घराबाहेर पडत नाही.

*

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे. सकाळी त्याला बाहेर नेतो. लहान मुलांचं म्हणून एक सनस्क्रीन मिळतं, ते लावू का?

उत्तर : सहा महिन्यांपर्यंत सनस्क्रीन नको. त्या वयाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे लावलेलं अंगात जास्त जाऊ शकतं. सावली, पातळ पूर्ण बाह्यांचं झबलं, कड असलेली टोपी. दुपारचं ऊन टाळा. सहा महिन्यांनंतर उघड्या राहणाऱ्या जागांना झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं. ‘लहान मुलांसाठी’ या चित्राला भुलू नका, मागे घटक वाचा.

*

प्रश्न : माझ्या भाचीने एक व्हिडिओ पाठवला. केमिकल सनस्क्रीन रक्तात जातं, मिनरल मात्र आरशासारखं किरण परतवतं आणि आत जात नाही, असं त्यात आहे. समुद्रातली प्रवाळंही मरतात म्हणे. मी घाबरून ट्यूब फेकून दिली. आता काय वापरू?

उत्तर : व्हिडिओत निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असलेलंच माणसाला जास्त घाबरवतं.

रक्तात जातं, हे खरं. अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०१९ साली २४ निरोगी लोकांवर तपासून पाहिलं. दिवसातून चार वेळा, अंगाच्या तीन चतुर्थांश भागावर, चार दिवस. अॅव्होबेन्झोन, ऑक्सीबेन्झोन वगैरे घटक रक्तात त्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या वर सापडले. पण ही मर्यादा विषाची नाही. तिच्या वर गेलं तर आणखी चाचण्या करून दाखवा, एवढाच तिचा अर्थ. सनस्क्रीन लावणं थांबवा असं त्यांनीही सांगितलं नाही.

आरशाची गोष्ट मात्र मोडीत काढा. मिनरल सनस्क्रीनमधले झिंक आणि टायटॅनियमही अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात, परतवतात थोडेसेच. ही उपमा पाठ्यपुस्तकांतही वर्षानुवर्षं चालली, मीही विद्यार्थ्यांना शिकवली, माझीही त्यात चूक आहे.

प्रवाळांबद्दल : हवाईने २०१८ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सीबेन्झोन व ऑक्टिनॉक्झेट असलेल्या सनस्क्रीनची तिथली विक्री बंद केली. प्रवाळांचं मोठं संकट म्हणजे तापत जाणारं पाणी, पण हे दोन घटक टाळून चांगलं सनस्क्रीन मिळत असेल तर समुद्रात उतरताना ते टाळायला हरकत कसली?

मनात धाकधूक असेल, गरोदरपण असेल किंवा त्वचा हळवी असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या आणि निर्धास्त राहा. जरा घट्ट असतं, नीट पसरायला वेळ लागतो. ते आवडलं नाही तर दुसऱ्या प्रकारचं लावा. फेकलेल्या ट्यूबपेक्षा दोन्ही बरी.

*

प्रश्न : हा प्रश्न तुमच्या खात्यात येतो का माहीत नाही. माझ्या सगळ्या पांढऱ्या शर्टांच्या कॉलरला गंजासारखे नारिंगी डाग पडतात. धुतले की आणखी गडद! घाम असेल म्हणून दोन डॉक्टरांना विचारून झालं.

उत्तर : बरोब्बर माझ्याच खात्यात आलात. मानेला सनस्क्रीन लावता ना? त्याच्या वेष्टनावर अॅव्होबेन्झोन हा घटक आहे का बघा. यूव्हीए अडवणारा हा चांगला घटक आहे, पण धुण्याच्या पाण्यात लोह असेल तर त्याच्याशी त्याचं जमतं आणि गंजासारखा रंग तयार होतो. म्हणून मळताना दिसत नाही, धुतल्यावर दिसतो.

क्लोरीनचं ब्लीच अजिबात घालू नका, डाग पक्का होतो. गंजाचे डाग काढायला जे मिळतं ते कापडाच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यात लावून बघून मग वापरा. पुढच्या वेळी सनस्क्रीन लावून पूर्ण सुकल्यावरच शर्ट घाला, किंवा मानेपुरतं झिंकचं लावा. एका बाईंनी याच डागांपायी धुलाई मशीन बदललं होतं. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या माझ्यावरच रागावल्या, आधी का नाही सांगितलं म्हणून.

*

प्रश्न : मी रोज पहाटेनंतर दहा किलोमीटर धावते. वॉटरप्रूफ सनस्क्रीन लावूनही वीस मिनिटांत घामाबरोबर डोळ्यांत उतरतं आणि इतकं झोंबतं की थांबावं लागतं.

उत्तर : वॉटरप्रूफ असं काही नसतं. अमेरिकेत तर २०११च्या नियमाने तो शब्द वेष्टनावर छापायलाच बंदी आहे. तिथे ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणायचं आणि पुढे ४० मिनिटं की ८० मिनिटं ते लिहायचं. तुम्ही ८०वालं बघा.

डोळ्यांसाठी युक्ती अशी. भुवयांच्या वर आणि डोळ्यांभोवती झिंकची स्टिक, ती मेणासारखी असते, वाहत नाही. बाकी चेहऱ्याला नेहमीचं. कपाळावर घाम टिपणारी पट्टी, वर कड असलेली टोपी. पापण्यांना आणि डोळ्यांना गॉगल. आणि उन्हाचा जोर ओळखायला घड्याळ नको, सावली बघा. सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तोवर ठीक. आखूड झाली की धावणं सावलीत न्या. ढगाळ आहे म्हणून सोडू नका, पातळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात.

*

प्रश्न : सनस्क्रीनने ड जीवनसत्त्व कमी होतं ना?

उत्तर : प्रयोगशाळेत, २ मिलिग्रॅमच्या थराने होऊ शकतं. रोजच्या वापरात सहसा होत नाही, कारण तसा थर लावतं कोण! (पहिलं पत्र बघा.) तुमचं ड आधीच कमी असेल तर तपासून गोळी घ्या. ऊन खाऊन ते भरून काढायच्या नादात चेहरा पणाला लावू नका.

*

प्रश्न : मागच्या सुट्टीत घेतलेली बाटली गाडीच्या कप्प्यात सापडली. मुदत अजून वर्षभर आहे. हलवली की वर पाणी आणि खाली गठ्ठा.

उत्तर : टाकून द्या. मुदत बंद आणि थंड जागी ठेवलेल्या बाटलीची असते, तापलेल्या गाडीतली नाही. पाणी वेगळं झालं म्हणजे फिल्टर कुठे आहे आणि कुठे नाही याचा भरवसा गेला.

*

प्रश्न : वय ७१. चाळीस वर्षं उघड्यावर काम केलं, डोक्यावर कधी काही घेतलं नाही. आता नातीने सनस्क्रीन आणून दिलं आहे. या वयात त्याचा काही उपयोग आहे का? जे व्हायचं ते होऊन गेलं ना? हिला वाटतं मी नातीचं मन राखायला लावावं. बाकी तब्येत ठणठणीत. फक्त डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली आहे, सहा-सात महिने झाले, पडते आणि पुन्हा धरते. त्याचं काही नाही. कळवावे.

उत्तर : आजोबा, तुमचा प्रश्न आधी संपवते आणि मग मला जे बोलायचं आहे ते बोलते.

उपयोग आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बर नावाच्या गावी १९९२ पासून साडेचार वर्षं १,६२१ प्रौढांवर अभ्यास झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल हा त्वचेचा कॅन्सर सुमारे ४० टक्के कमी निघाला. ही सगळी माणसं काही कोवळी नव्हती, त्यांनीही आयुष्यभर ऊन खाल्लं होतं. तेव्हा नातीचं मन राखायला नव्हे, स्वतःसाठी लावा. टक्कल असेल तर डोक्यालाही, आणि त्याहून बरी म्हणजे सगळीकडून कड असलेली टोपी. पुढेच छज्जा असलेली टोपी कान उघडे टाकते.

आता त्या खपलीचं. ‘त्याचं काही नाही’ हे वाक्य मी खोडलं आहे. कानाची वरची कड ही आयुष्यभर उन्हात काम केलेल्या माणसाची सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली जागा. तिथे पडून पुन्हा धरणारी खपली सहा महिने भरत नाही, तेव्हा ती दाखवायची असते. बहुतेक वेळा तो उन्हाने आलेला खडबडीत चट्टा निघतो, गोठवून दहा मिनिटांत काढतात. कधी कधी तो कॅन्सर असतो, आणि कानावरचा लवकर काढलेला बरा, उशीर केलेला नव्हे. पत्राने मला हे दोन्ही वेगळं करता येणार नाही. त्यासाठी भिंगातून बघावं लागतं आणि बहुधा छोटासा तुकडा तपासायला पाठवावा लागतो.

अंक हातात पडेल त्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. नातीला बरोबर न्या, तुम्ही त्यांच्यासमोरही ‘काही नाही’ म्हणाल. खपली आधी खरवडून काढू नका, त्यांना ती तशीच बघायची असते. आणि त्या जागेला तोवर काहीही लावू नका, सनस्क्रीनसुद्धा नाही.